परमा औषधाला दाद देईनासा झाला, तर?



काही विषय असे असतात की ते घरात कोणी काढत नाही, पारावर निघाले तर हसण्यावारी जातात, आणि दवाखान्यात काढायचे तर जीभ अडखळते. गुप्तरोग हा त्यातलाच एक. पण जे दुखणे माणूस लपवतो ते आतल्या आत वाढत जाते. या दुखण्याचे तर आता असे झाले आहे की, ते लपवल्याने नुसते वाढत नाही, औषधालाही हटेनासे होते. म्हणून आज परम्याविषयी चार गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगायच्या आहेत. घरातल्या कर्त्या पुरुषांनी त्या वाचाव्यात, बायकांनीही वाचाव्यात, आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींपासून हे पान दडवून ठेवू नये.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शिवारापासून करू. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशी आली. पहिली काही वर्षे बोंडअळीचा चांगला बंदोबस्त झाला. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. पण २०१० मध्ये गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या वाणाला जुमानत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्या वाणाचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय घडले ते कापूस लावणाऱ्याला सांगायला नको. बियाण्याच्या पिशवीबरोबर कडेने लावण्यासाठी साध्या कपाशीची वेगळी पुडी मिळत असे. ती बांधावर टाकून देणारेच जास्त होते.

अळी शहाणी झाली, असे आपण म्हणतो. खरे तर अळीला कोणी शिकवत नाही. हजारो अळ्यांत एखादी मुळातच चिवट असते. औषधाने बाकीच्या मरतात, ती तेवढी उरते. पुढच्या हंगामात शेतभर तिचीच पिलावळ होते. माणसाच्या अंगातल्या रोगजंतूंचेही अगदी असेच आहे. त्यांची पिढी फक्त हंगामाची नसते, तासांची असते.

परमा म्हणजे काय?

परम्याला डॉक्टर गनोरिया म्हणतात. तो एका सूक्ष्म जंतूमुळे होतो. १८७९ साली आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने तो जंतू शोधून काढला. हा रोग शरीरसंबंधातून लागतो. बाधा झालेल्या बाईपासून पुरुषाला, पुरुषापासून बाईला, पुरुषापासून पुरुषालाही. उन्हात काम केल्याने, तिखट खाल्ल्याने किंवा कोणाच्या नजरेने तो होत नाही. 'अंगातली उष्णता बाहेर पडते आहे' ही समजूत मनातून काढून टाका.

पुरुषाला बहुधा आठवडाभरातच लघवीला जळजळ सुरू होते आणि पिवळसर पू येऊ लागतो. त्रास होतो म्हणून तो हातपाय हलवतो. बाईचे तसे नाही. पुष्कळ बायांना काहीच जाणवत नाही. काहींच्या अंगावरून जास्त जाते, लघवीला आग होते, ओटीपोटात दुखते. पण कमरेचे आणि पोटाचे दुखणे बाईच्या पाचवीलाच पुजलेले, असे धरून ती कामाला लागते. जंतू मात्र आत सरकत राहतो. तो गर्भाशयापर्यंत आणि तिथून गर्भनलिकांपर्यंत पोहोचतो. नलिका सुजतात, आतून चिकटतात, बंद होतात. मग मूल राहत नाही. राहिले तर कधी नलिकेतच राहते, आणि ती फुटली तर बाईच्या जिवावर बेतते. पुरुषाच्या बाबतीतही रोग आत गेला तर वृषणाजवळच्या नळ्यांना सूज येते आणि मूल होण्यात अडचण येऊ शकते.

बाळंतपणाच्या वेळी आईला परमा असेल तर बाळाच्या डोळ्यांत पू होतो. उपचार झाला नाही तर डोळे जातात. १८८१ साली कार्ल क्रेडे या जर्मन डॉक्टरने बाळाच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचा थेंब घालण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि युरोपातल्या असंख्य मुलांची दृष्टी वाचली. ज्यांनी काहीच पाप केलेले नाही, अशांनाही हा रोग भोवतो, हे यावरून ध्यानात यावे.

हा रोग जुना झाला, गेला, असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगात ८ कोटी २० लाख माणसांना नव्याने परमा झाला.

औषधे आली आणि निकामी झाली

पूर्वी परम्यावर धड औषध नव्हते. मूत्रमार्गात पोटॅशियम परमँगनेटचे पाणी सोडून धुण्याचा यातनामय उपाय करीत. १९३० नंतरच्या दशकात सल्फाच्या गोळ्या आल्या आणि रोगी बरे होऊ लागले. पण दहा वर्षे होतात न होतात तोच सल्फाचा गुण येईनासा झाला.

१९४३ च्या सुमारास पेनिसिलीन हाती आले आणि डॉक्टरांना स्वर्ग दोन बोटे उरला. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पेनिसिलीन देशातच तयार होऊ लागले. पण परम्याचा जंतू स्वस्थ बसला नव्हता. सुरुवातीला दोन लाख युनिटांपेक्षाही कमी पेनिसिलीनने जो परमा बरा होई, त्याला १९७० नंतर ४८ लाख युनिटे द्यावी लागू लागली. कीटकनाशकाचे माप दरसाल वाढवत जाण्यातलाच हा प्रकार. शेवटी १९७६ साली इंग्लंड-अमेरिकेत असा परमा सापडला की, त्याचा जंतू पेनिसिलीनचे तुकडे करणारा रसच तयार करीत होता. मग माप कितीही वाढवून काय उपयोग?

पुढे टेट्रासायक्लिन गेले. नंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी आली. एका गोळीत काम होई, म्हणून ती जगभर वाटेल तशी वापरली गेली. २००७ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने परम्यासाठी ती देऊ नये असे सांगितले. आपल्या देशात तर ती त्याआधीच निरुपयोगी ठरली होती. २०१२ साली सेफिक्झिम या गोळीलाही अमेरिकेत पहिल्या पसंतीच्या औषधांतून काढले. उरले सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन. आज बहुतेक देशांची भिस्त त्यावरच आहे.

आणि त्यालाही भोके पडू लागली आहेत. २००९ साली जपानमधल्या क्योटो शहरात एका बाईच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात या इंजेक्शनला भीक न घालणारा जंतू मिळाला. २०१८ साली इंग्लंडमध्ये एक रोगी आढळला. त्याला आग्नेय आशियात बाधा झाली होती. त्याच्या अंगातल्या जंतूवर सेफ्ट्रियाक्झोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही नेहमीची दोन्ही औषधे चालली नाहीत. तीन दिवस शिरेतून वेगळेच भारी औषध दिल्यावर तो बरा झाला. ज्या रोगाला एक इंजेक्शन पुरे व्हायचे, त्यासाठी इस्पितळात जाऊन तीन दिवस शिरेतून औषध घ्यायचे! शहरातल्या माणसाला ते जमेल. सोंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याला चकरा मारणाऱ्याला कसे जमावे?

जागतिक आरोग्य संघटना काही देशांत परम्याच्या जंतूवर नजर ठेवते. त्यांत आपला देशही आहे. २०२२ मध्ये तपासलेल्या शंभर नमुन्यांत एकही पुरता भरत नव्हता एवढेच नमुने, म्हणजे शेकडा ०.८, सेफ्ट्रियाक्झोनला दाद देत नव्हते. २०२४ मध्ये हे प्रमाण शेकडा ५ झाले. सेफिक्झिमचे शेकडा १.७ वरून ११ वर गेले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन तर शंभरातल्या ९५ नमुन्यांवर चालत नव्हते. सर्वांत वाईट स्थिती कंबोडिया आणि व्हिएतनाम या देशांत दिसली. पण गाठ रोगजंतूशी आहे. त्याला पासपोर्ट लागत नाही, आणि तो एस.टी.नेही येतो.

सर्दीची गोळी आणि परम्याचा जंतू

आता तुम्ही म्हणाल, 'आमच्या घरात असले काही नाही, मग आमचा काय संबंध?' संबंध आहे, तो ऐका.

आपल्या घशात परम्याच्या जंतूचे चुलतभाऊ राहतात. ते निरुपद्रवी असतात. घराघरांत कोणाच्या ना कोणाच्या घशात ते असतातच. आपण सर्दी-पडशाला, साध्या तापाला, अंगदुखीला मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून खातो. सर्दी विषाणूची असते, तिला त्या गोळीचा काही उपयोग नसतो. ती आपली आपण चार दिवसांत जाते आणि श्रेय गोळीला मिळते. पण घशातल्या त्या चुलतभावांना मात्र औषधाची ओळख होते. कच्चे मरतात, चिवट उरतात.

परम्याचा जंतू घशातही मुक्काम करू शकतो, आणि तिथे बहुधा काही लक्षण दिसत नाही. या जंतूची खोड अशी की, दुसऱ्या जंतूच्या अंगातला वारसा तो उचलून आपल्या अंगात बसवून घेतो. म्हणजे चुलतभावाची विहीर ह्याच्या सातबाऱ्यावर! सेफिक्झिमसारख्या औषधांना तोंड देण्याची ताकद परम्याच्या जंतूने अशीच घशातल्या भाऊबंदांकडून मिळवली, असे शास्त्रज्ञांना त्याच्या जनुकांच्या तपासणीत दिसून आले आहे.

पेनिसिलीन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिक स्वीकारताना, याची सूचना दिली होती. अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट तयार होतील, असे त्यांनी बजावले होते. शास्त्रज्ञाने वेळेवर सांगितले. ऐकले कोणी?

गावात नेमके कुठे चुकते?

हंगाम संपला की गावातला तरुण गडी मुंबई, पुणे, सुरतेला कामाला जातो. कोणी ट्रकवर क्लीनर म्हणून जातो, कोणी ऊसतोडीला. घरापासून लांब राहताना कधी पाऊल घसरते. परत येतो तो जळजळ घेऊन. घरच्या कोणाला सांगण्याची सोय नाही. सरकारी दवाखान्यात ओळखीची नर्सबाई, केसपेपर काढणारा भावकीतला. मग तो वाट धरतो ती एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग हमखास बरे' अशी पाटी असलेल्या खोलीची, नाही तर जत्रेतल्या तंबूची, नाही तर थेट मेडिकलच्या काउंटरची.

तिथे त्याला तपासत कोणी नाही. गोळी मिळते, सुई मिळते. दोन दिवसांत जळजळ थांबते, पू आटतो. पैसे वाचवायला उरलेल्या गोळ्या तो खिशात ठेवतो, पुढे दुसऱ्या कोणाला देतो. त्याला वाटते, रोग गेला. पण जे जंतू दोन गोळ्यांनी मरायचे तेवढेच मेलेले असतात. उरलेले अंगात असतात, आणि ते त्याच्याबरोबर घरी येतात.

घरी बायको असते. तिला काही ठाऊक नसते. पुढे तिच्या अंगावरून जाऊ लागले की सासूबाई काढे देतात. दोन वर्षांत पाळणा हलला नाही की बोट तिच्याकडेच वळते. नवस होतात, उपास होतात, गंडेदोरे होतात, वांझ म्हणून हिणवणे होते, नवऱ्याचे दुसरे लग्न ठरवण्याची कुजबूज सुरू होते. रोग ज्याने आणला त्याची तपासणी मात्र होत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

कधी याच्या उलट घडते. नवरा गुपचूप औषध घेऊन बरा होतो, पण बायकोला औषध मिळत नाही. तिच्याकडून त्याला पुन्हा बाधा होते. तो पुन्हा गोळ्या घेतो, पुन्हा अर्ध्याच. असे दोघांमध्ये रोगाचे देणे-घेणे चालू राहते आणि दर फेरीला जंतू अधिक चिवट होत जातो.

आणखी एका राक्षसी समजुतीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कोवळ्या मुलीशी संबंध ठेवला की परमा जातो, असे काही अडाणी लोक सांगत आले आहेत. हे औषध नव्हे, हा घोर गुन्हा आहे. रोग त्याने जात नाही, एका निष्पाप पोरीच्या आयुष्यात मात्र शिरतो.

बायांचे मुके दुखणे

बायांच्या या दुखण्यांकडे आपण किती पाठ फिरवली आहे, हे गडचिरोलीत दिसून आले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना जननमार्गाचा कोणता ना कोणता विकार होता. त्यांतला निम्मा भार संसर्गाचा होता. आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या बाया शंभरात फक्त ८ निघाल्या! हे सगळेच विकार परम्याचे नव्हते. पण ज्या गावात बाईची तपासणीच होत नाही, त्या गावात परमा कोणाला सापडणार?

तपासणी टाळली की पुढे दोनच वाटा उरतात. एक, सोसत राहणे. दुसरी, सुरी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येक तरण्याताठ्या होत्या. पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायांनाही पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला होता. साध्या संसर्गावर वेळेवर नीट औषध मिळाले असते, तर त्यांतल्या किती जणींना ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागले नसते!

इथे एक इशारा द्यायला हवा. अंगावरून पांढरे जाते म्हणजे परमाच, असे नाही. थोडेफार जाणे निसर्गाचे असते. कधी बुरशीमुळे, कधी इतर कारणाने ते वाढते. तेव्हा एवढ्यावरून बायकोच्या चारित्र्यावर शंका घेणाऱ्याने आधी तोंड आवरावे. आणि परमा निघालाच, तरी भांडण मागून, औषध आधी. कोणी कोणाला दिला याचा निवाडा करत बसलात, तर रोग दोघांच्याही अंगात मुरेल.

करावे काय?

सांगण्यासारखी पहिली गोष्ट अशी की, परमा आजही बरा होतो. वेळेवर तपासणी आणि योग्य औषध मिळाले तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. तेव्हा घाबरू नका, पण पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

लघवीला जळजळ, पू, जांघेत गाठ, गुप्तांगावर फोड किंवा चट्टा, बायांच्या ओटीपोटात सतत दुखणे, वास मारणारे किंवा रंग बदललेले जाणे, यांतले काही दिसले तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' चालवली जातात. तिथे तपासणी आणि औषध फुकट असते आणि नाव बाहेर जात नाही. गावातल्या ओळखीची लाज वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा, पण जा. कुठे जावे हे कळत नसेल तर १०९७ या सरकारी क्रमांकावर विचारा. फोनला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावे लागत नाही. बायांनी आशाताईंना सांगावे. त्यांनी असल्या गोष्टी पुष्कळ ऐकलेल्या असतात.

औषध नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी घ्यावे. लक्षण एकालाच असले तरी दोघांनी. औषध संपल्यावर निदान सात दिवस शरीरसंबंध टाळावा.

दिलेले औषध पूर्ण घ्या. जळजळ थांबली म्हणून मध्येच सोडू नका. उरलेल्या गोळ्या फडताळात जपून ठेवू नका, आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. गोवऱ्याखाली निखारा राहिला तर धूर दिसत नाही, आग मात्र शिल्लक असते.

चार-पाच दिवसांत गुण आला नाही तर डॉक्टर बदलून नवी गोळी मागू नका. त्याच दवाखान्यात परत जाऊन साफ सांगा, 'औषध सगळे घेतले, तरी बरे वाटत नाही.' आधी कुठे काही घेतले असेल तर त्याची रिकामी पट्टी बरोबर न्या. चिवट जंतूची शंका आली तर डॉक्टर पुवाचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू शकतात. कोणते औषध लागू पडते ते तिथे कळते. मातीचा नमुना तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये, तसेच हे.

परम्याबरोबर गरमी आणि एच.आय.व्ही. यांचीही तपासणी करून घ्या. परमा असताना एच.आय.व्ही. लागण्याची शक्यता वाढते. गरमीच्या बाबतीत मात्र एक दिलाशाची गोष्ट आहे. ज्या पेनिसिलीनला परम्याने कधीच धुडकावले, ते गरमीवर आजही चालते. म्हणून गरोदर बाईची पहिल्याच महिन्यांत रक्ततपासणी करून घ्या. आईला वेळेवर पेनिसिलीन मिळाले तर पोटातले बाळ वाचते.

बाहेर पाऊल पडण्याची वेळ आलीच तर निरोध वापरा. नैतिकतेचा उपदेश ज्याने त्याने आपल्या मनाला करावा. पण घरी येताना रोग आणू नये, एवढे तरी बायकोचे देणे लागते.

आणि सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका. २०१४ सालापासून सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन यांसारखी औषधे कायद्याच्या एका खास यादीत घातली आहेत. त्यांच्या पट्टीवर लाल चौकटीत सूचना छापलेली असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि विकल्याची नोंद दुकानदाराने वहीत ठेवायची, असा नियम आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. तो तुमचेच भले करतो आहे.

नवी औषधे येत आहेत, पण…

शास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. २०२५ च्या डिसेंबरात अमेरिकेत परम्यासाठी झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन या दोन नव्या औषधांना मंजुरी मिळाली. दोन्ही तोंडाने घ्यायची आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडने जास्त धोका असलेल्या लोकांना एक लस द्यायला सुरुवात केली. मेंदूज्वरासाठी बनवलेली ती लस परम्यापासून काही प्रमाणात संरक्षण देते, पुरते नाही.

ही आनंदाची बातमी आहे. पण सल्फा आले तेव्हाही आनंद झाला होता, पेनिसिलीन आले तेव्हाही, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले तेव्हाही. नवे बियाणे आले म्हणून जुन्या चुका तशाच ठेवल्या तर काय होते, ते कपाशीने आपल्याला दाखवले आहे. नवे औषध किती वर्षे टिकेल, हे ते बनवणाऱ्यांच्या हाती थोडेच आहे. जास्त ते घेणाऱ्यांच्या आणि देणाऱ्यांच्या हाती आहे.

आपल्या मराठी मुलखात या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी घालून दिली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, त्यासाठी खटले सोसले. त्यांना सोसावे लागले तेवढे आज आपल्याला सोसायचे नाही. आपल्याला फक्त दवाखान्याची पायरी चढायची आहे आणि डॉक्टरला खरे सांगायचे आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पैशाच्या व्यवहारात ठीक आहे. आजारात ती झाकलेली मूठ उघडावी लागते. तुमच्या ओळखीत कोणी परगावाहून येऊन असे दुखणे चोरून सोसत असेल, तर हे पान त्याला वाचायला द्या. वाचता येत नसेल तर बाजूला बसवून वाचून दाखवा. आणि हसू नका. त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करा. येताना त्याच्या बायकोचाही केसपेपर काढायला विसरू नका.